पोपटीच्या दिवसांतली अमान्य अदलाबदल

पमा भोईर आपल्या संघात येतोय ही बातमी मी दाढी करता करता वाचली आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ग्रुपवर लिहून टाकलं : 'श्री. प्रथमेश भोईर यांचे नवीन ठिकाणी रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन व पुढील वाटचालीस शुभेच्छा.' खाली फुलांचा गुच्छ. आयुष्यभर ऑफिसात असेच निरोप लिहिले, त्यामुळे हात आपोआप वळतो. उरलेला गाल उरकून फोन पुन्हा उचलला तर ग्रुपवर हसण्याचा पूर आलेला. मी वाचलेली बातमी आदल्या दिवशीची होती. ताजी बातमी अशी होती, की बास्केटबॉल लीगच्या ऑफिसने ती अदलाबदल अमान्य केली. पमा होता तिथेच राहणार, पंजाबात.

"ओ जगताप," जनाशेठचा आवाज फोनमधून आला, "पोर तिकडंच लटकलाय आन तुमी त्याला फुलं कसली पाठवताय? गेला का काय तो?"

आतून रेवती, माझी मुलगी, ओरडली, "बाबा, आधी ते डिलीट करा!"

केलं. पण फक्त माझ्या फोनवरून. बाकी सगळ्यांकडे तो गुच्छ अजून टवटवीत आहे. यंदा बाजारात वालाच्या शेंगा आल्या, त्याच दिवशी ग्रुपमधल्या साठ्यांनी तो मला परत पाठवला. खाली एकच ओळ : 'हंगाम सुरू.'

शेंगा आल्या की आमच्याकडे हवेचा वासच बदलतो. पनवेलच्या बाजारात पोत्यावर हिरवे ढीग पडतात, बायका शेंग दाबून दाण्याचा अंदाज घेतात, आणि एरवी रस्त्याकडेला कुणी ढुंकून बघत नाही त्या भांबुर्ड्याच्या पाल्याला अचानक भाव येतो. मी मूळचा घाटावरचा. नोकरीसाठी नवीन पनवेलला आलो तेव्हा 'पोपटी' म्हटल्यावर मला पिंजरा आठवायचा. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असं सगळं आत दाबायचं, तोंड पुन्हा पाल्याने बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवून द्यायचं. पाणी टाकायचं नाही, तेल टाकायचं नाही, आणि मुख्य म्हणजे झाकण उघडून बघायचं नाही. हे शेवटचं माझ्या स्वभावाला फार जड गेलं. मी दूध उतू जाईल म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूधही उघडून बघणारा माणूस.

आता हा बास्केटबॉल मध्येच कुठून आला, ते सांगायला हवं. आमच्या भागात रक्तात असतं ते कबड्डी आणि क्रिकेट. पण ओवे गावचा पमा भोईर जन्मालाच उंच आला. कबड्डीवाल्यांनी त्याला एकदा खेळवून परत पाठवला. म्हणाले, याची तंगडी कुठूनही सापडते. मग तो शाळेच्या मागच्या ग्राउंडवर, जाळी नसलेल्या रिंगमध्ये चेंडू टाकत बसला. टाकता टाकता एवढा मोठा झाला, की आपल्याकडे बास्केटबॉलची व्यावसायिक लीग निघाली तेव्हा पंजाबच्या संघाने त्याला उचलला. त्या दिवसापासून खाडीपासून सुकापूरपर्यंत सगळे बास्केटबॉलचे जाणकार झाले. मीसुद्धा. रेवती शाळेच्या संघात होती, तिने मला ग्रुपमध्ये घातलं. मला तेव्हा एवढंच कळत होतं की चेंडू वरून आत गेला तर चांगलं.

आमचा अड्डा म्हणजे जनाशेठ म्हात्र्यांचं सुकापूरचं रेती-सिमेंटचं दुकान. एकेकाळी त्यांच्या घरची मिठागरं होती, मग जमिनी गेल्या, इमारती आल्या. त्या इमारतींना लागणारी रेती तेच विकतात. दुकानात सिमेंटच्या गोण्यांवर आम्ही बसायचो आणि समोर भिंतीवर टीव्ही. उठताना प्रत्येकाच्या पाठीमागे करडा शिक्का. घरी गेल्यावर कुठे होतो असं कुणी विचारायचं नाही.

तर अदलाबदल अशी ठरली होती : पमा आपल्या इकडच्या संघात येणार, आणि त्याच्या बदल्यात आपला सात नंबर, शिवाय पुढच्या वर्षी नवा खेळाडू निवडण्याचा आपला पहिला हक्क पंजाबला जाणार. दोन्ही संघ राजी. पमा राजी. त्याच्या आईने तर तांदूळ दळून आणले होते. आणि लीगच्या ऑफिसने सांगितलं, 'खेळाच्या व्यापक हितासाठी' अमान्य.

"व्यापक हित म्हंजे कोनाचं रं?" जनाशेठ टीव्हीलाच विचारायचे. "आमचा पोर घरा येतंय, यांचं काय जातंय?"

साठे शांतपणे चष्मा पुसायचे. साठे बँकेतून निवृत्त, मूळ पुण्याचे, आणि नियमाच्या बाजूने उभं राहायला माणूस कमी पडू नये म्हणूनच बहुधा पनवेलला पाठवलेले. ते म्हणाले, "शेठ, भावना बाजूला ठेवा. पंजाबच्या टीमचा मालक मध्येच सोडून गेला. ती टीम सध्या लीगच चालवतेय. तिचा सगळ्यात चांगला प्लेअर आपल्यासारख्या तगड्या टीमला देऊन टाकला, तर उद्या लोक म्हणतील लीगने स्वतःच्या हाताने टीम विकून खाल्ली. थांबवलं ते फेअर आहे."

"मंग जो विकनार तोच नाय बोल्ला, आन जो न्याय करनार तो पन तोच! ह्ये फेअर?"

"म्हणून तर जास्त काळजी घ्यायला हवी ना त्यांनी."

"काळजी घ्या ना! पन माज्या पोराची कोन घेतंय?"

पमा जनाशेठचा पोर नव्हता, दूरचा भाचा होता. पण असल्या वादात नाती जवळ येतात.

मी साठ्यांच्या बाजूचा होतो. का, तर ऑफिस नाही म्हणालं म्हणजे काहीतरी विचार केला असेल, अशी माझी श्रद्धा. एखादा माणूस देवळासमोरून जाताना हात छातीला लावतो, तसं मी 'सक्षम प्राधिकारी' हे शब्द दिसले की मनातल्या मनात करतो. आणि गंमत अशी, की त्याच महिन्यात आमच्या घरीही एक अदलाबदल अमान्य होऊन आली होती. दोन्ही गोष्टी एकच आहेत हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एक टीव्हीवरची होती, दुसरी स्वयंपाकघरातली.

नीलिमा, माझी बायको, सरकारी फार्मासिस्ट. तिची नेमणूक मंगळवेढ्याच्या पुढच्या एका गावातल्या दवाखान्यात. पनवेलहून रात्रभराची एसटी. महिन्याकाठी दोनदा यायची, एकदा तर नुसते कपडे बदलून परत गेली. घरी मी, बारावीची रेवती आणि माझी आई. आईच्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, आणि मी त्या उलट दिल्या की ती दिवसा घोरायची. तिकडे पाताळगंगेच्या काठी, आपटा गावाजवळच्या दवाखान्यात वैशाली नावाची फार्मासिस्ट होती. ती नीलिमाची नेमणूक होती त्याच गावची सून. नवरा फौजेत, सासू आणि पहिलीतला मुलगा ओम गावी, आणि ही आपट्याला भाड्याच्या खोलीत. दोघींची हुद्द्याची पायरी एक, पगार एक. नुसत्या जागा बदलल्या की दोघी घरी. आपसी बदलीचा अर्ज दोघींनी मिळून केला. उत्तर आलं : प्रशासकीय कारणास्तव विनंती अमान्य.

नीलिमा वरच्या साहेबांना भेटून आली. ते वाईट माणूस नव्हते. चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, तुमचं पटतं मला. पण एकाला दिलं की दहा जण रांगेत उभे राहतात. उद्या सगळेच घरी जायला निघाले तर?"

मी तिला फोनवर म्हटलं, "तशी त्यांचीही काही बाजू असेल."

पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि नीलिमाने फोन ठेवला.

पोपटी ठरली रविवारी, जनाशेठच्या उरलेल्या शेतात. तीन बाजूंना इमारती, मधे तेवढा एक तुकडा त्यांनी विकायला काढला नव्हता. म्हणायचे, मडका उपडा घालाला जागा नको? नीलिमा त्या आठवड्यात आली होती. उन्हं कलली होती, बाल्कन्यांमधून लोक वाकून बघत होते, आणि जनाशेठ स्वतः पाला लावत बसले होते. शेंगा भरताना ते कुणाला हात लावू देत नाहीत. पेंढा पेटला, भांबुर्ड्याचा तो कडवट-गोड धूर सुटला आणि आगीभोवती पुन्हा तोच विषय निघाला.

साठे म्हणाले, "घरी यायचंय हे कारण होऊच शकत नाही. प्रोफेशनल आहे तो. उद्या प्रत्येक प्लेअर म्हणेल मला माझ्या गावाला खेळायचंय. मग लीग कशी चालायची?"

"चालंल ना! ज्याचा तो गावात खेळंल!"

"मग ती लीग नाही, जत्रा होईल."

मी मान हलवली. जोरात हलवली. आणि मग म्हणालो, "ऑफिसला सगळं एकत्र बघावं लागतं. एकाला दिलं की दहा जण रांगेत उभे राहतात."

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की ते माझं नाही. नीलिमा समोर बसून ताटल्या पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. साठ्यांना विचारलं, "भावोजी, त्या सात नंबरला काही नाव आहे का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस सात नंबर, सात नंबर म्हणत होतो. रेवती म्हणाली, "हरजोत."

"कुठला?"

"लुधियानाजवळचा कुठला तरी."

"आणि पंजाबच्या टीमचं मैदान?"

"लुधियानालाच."

"म्हणजे तोही घरीच चालला होता," नीलिमा म्हणाली आणि ताटली पुसत राहिली.

एवढे दिवस आम्ही न्याय-अन्याय तोलत होतो, लीगचा, पंजाबचा, पमाचा, आणि तराजूत एक माणूस ठेवायचाच राहिला होता. तो इथे, आमच्याच खारघरला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता. आम्ही त्याच्या बास्केटला टाळ्या वाजवत होतो आणि त्याला पंजाबला पाठवायला निघालो होतो, ते मात्र त्याच्यासाठी नव्हे.

"मला वाटायचं," साठे हळूच म्हणाले, "तो इथे खूश आहे."

"इचारला कोनी?" जनाशेठ म्हणाले. आणि मग त्यांनी नाक वर केलं. "आयला, मडका!"

पोपटीचं मडकं झालं की नाही ते बघायला वरून पाण्याचा शिंतोडा मारतात. चर्र झालं आणि पाणी जागीच उडालं की काढायचं. आम्ही मारायलाच विसरलो होतो. उघडलं तर खालच्या शेंगा कोळसा, अंडी तडकलेली, कोंबडीचा एक भाग असा कडक, की साठ्यांनी तो शांतपणे रुमालात ठेवला. जनाशेठच्या आयुष्यात पोपटी कधी जळली नव्हती. ते मडक्याकडे बघत म्हणाले, "लीगनी माजी पोपटी जाळली." वरच्या वरच्या शेंगा निवडून आम्ही खाल्ल्या. काळ्या बोटांनी नीलिमा शेंगा सोलत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शिजत होतं. मी झाकण उघडून बघायचं धाडस केलं नाही.

पुढचं जनाशेठने केलं. त्यांनी खारघरला जाऊन सात नंबरची बेल वाजवली. दार उघडलं तर छातीच समोर आली, असं ते सांगतात. त्यांचं हिंदी आणि हरजोतचं हिंदी यांची ओळख नव्हती, पण 'माँ' आणि 'खाना' हे दोन शब्द पुरले. त्याला गाडीत घडी घालून बसवला आणि थेट ओव्याला, पमाच्या आईपुढे नेऊन उभा केला. ती माउली जवळा निवडत होती. तिने वर पाहिलं, मान मागे टाकून आणखी वर पाहिलं, आणि म्हणाली, "पमाच्या मापाचा हाय. बस रं बाला." तांदळाच्या भाकरी, बोंबलाचं कालवण. बोंबलाचा वास आल्यावर त्या पोराचे डोळे भरून आले. ते कशाने, यावर जनाशेठ आणि साठे अजून भांडतात. पण तो पुढच्या रविवारी पुन्हा गेला. आणि महिनाभरात तिकडून पमाचा फोटो आला, एका अंगणात चारपाईवर बसलेला, हातात पराठा, आणि मागे एक बाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी. हरजोतची आई.

ग्रुपवर त्या फोटोखाली कुणी काही लिहिलं नाही. मीही नाही. गुच्छ तर मुळीच नाही.

तो फोटो मी नीलिमाला पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला.

"अहो, रेवतीच्या खोलीतलं दुसरं कपाट रिकामं करून ठेवा. वैशाली येतेय आपल्याकडे राहायला."

"किती दिवस?"

"मी इथली खोली सोडली. तिच्या घरी राहायला गेले मी, तिच्या सासूबाईंजवळ."

"पण परवानगी...?"

"कुणाची?"

मी खरंच आठवून पाहिलं, की घरात राहायला कुणाची परवानगी लागते.

वैशाली आली ती एक बॅग आणि एक कुकर घेऊन. पहिले आठ-दहा दिवस मी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागलो. सकाळी शर्ट घालूनच खोलीबाहेर यायचो. स्वयंपाकघरात शिरण्याआधी खाकरायचो. एकदा आंघोळीला जाताना टॉवेल विसरला तर अर्धा तास आतच बसून राहिलो; शेवटी आईने विचारलं, "बुडाला का रे?" सोसायटीत कुजबुज झाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला गाठून विचारलं, "ही कोण हो तुमची?" आई म्हणाली, "सूनच म्हणायची. दुसऱ्या घरातली." या उत्तराने कुजबुज कमी झाली की वाढली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण आईच्या गोळ्या वेळेवर जाऊ लागल्या. वैशालीने प्रत्येक पट्टीवर सूर्य आणि चंद्र काढून ठेवले. रेवतीच्या प्रिलिमच्या सकाळी दही-साखर तिनेच दिली. आणि तिकडे नीलिमा ओमचे पाढे घ्यायची, त्याच्या आजीच्या पायाला तेल चोळायची. रात्री जेवण झालं की दोन्ही घरं फोनवर समोरासमोर यायची. ओम वैशालीला दात दाखवायचा, पडलेला. रेवती नीलिमाला गणित सांगायची, अडलेलं. मग एक क्षण असा यायचा, की आधी कुणी फोन ठेवायचा हे ठरायचं नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण लोकांना ही गोष्ट ऐकली की फार गोड वाटते. 'वा, काय मार्ग काढला!' म्हणतात. मार्ग कसला? नीलिमा रोज संध्याकाळी दुसऱ्याच्या मुलाला जवळ घेऊन बसते, आणि तो झोपला की तिला आपली मुलगी आठवते. वैशाली आमच्या रेवतीची वेणी घालताना मधेच थांबते. पडलेला दात बघायला आई तिथे नव्हती, ही गोष्ट काही पराठ्याने आणि भाकरीने भरून निघत नाही. ज्यांनी कागदावर 'अमान्य' लिहिलं त्यांचं काम आम्ही सोपं केलेलं नाही, आणि त्यांना माफही केलेलं नाही. दर वर्षी दोघी तोच अर्ज पुन्हा करतात. त्याच शब्दांत. नीलिमा म्हणते, शब्द बदलले तर त्यांना वाटेल आपलंच काही चुकलं होतं.

मी माझी बाजू वैशाली राहायला आली तेव्हाच बदलली होती. मोठ्याने कबूल करायला मात्र मॅच उजाडावी लागली. पंजाबचा संघ आपल्याकडे खेळायला आला. पोपटीचे शेवटचे दिवस होते. जनाशेठने मडकं कपड्यात गुंडाळून नेलं होतं, पमाला गरम शेंगा द्यायच्या म्हणून. दारावरच्या रक्षकाने अडवलं. बाहेरचे पदार्थ चालणार नाहीत. शिवाय गुंडाळलेलं मडकं बघून त्याला आत काय असेल याची शंका आली. जनाशेठने तिथेच, पायऱ्यांवर, मडकं फोडलं. वाफ निघाली. "घे," म्हणाले, "तूच खा. तुजी आय कुठं असते?" तो म्हणाला, "चंद्रपूरला." आणि त्याने एक शेंग घेतली. मोडलेला नियम तोंडात असताना तो आम्हाला काही बोलू शकला नाही.

आत आम्ही सगळे, पमाच्या आईसकट, एका रांगेत. हरजोतने बास्केट केली की आम्ही ओरडलो. पमाने केली की आणखी ओरडलो. दोघं एकमेकांवर धावून गेले तेव्हा कुणासाठी ओरडायचं हे न कळून नुसतेच ओरडलो. मागच्या रांगेतला एक पोरगा वैतागून पमाच्या आईला म्हणाला, "मावशी, नक्की तुमची टीम कोणती?"

"जो माजी भाकरी खातंय, तो माजा."

"पण दोघं दोन टीममध्ये आहेत!"

"ती त्यांनी केली. मी नाय."

साठे माझ्या शेजारी बसले होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "तत्त्वतः मी अजूनही म्हणतो की लीगचं बरोबर होतं." आणि उठून दोघांसाठी टाळ्या वाजवायला लागले. साठे असेच आहेत. एसटीचा संप होता तेव्हा रोज सकाळी गाडी काढून वैशालीला आपट्यापर्यंत सोडायला तेच जात होते. वाटेत तिला समजावत, की आपसी बदली हा हक्क नसून सवलत आहे. मी एकदा म्हटलं, अहो साठे, मग सोडता कशाला? तर म्हणाले, "तत्त्व वेगळं, पेट्रोल वेगळं."

मी मात्र तिथे, त्या गोंगाटात, त्यांना स्पष्ट सांगितलं, "साठे, चूक होतं. लीगचं चूक होतं. दोन माणसं घरी जात होती आणि कुणाचंही काही जात नव्हतं." शेवटचे शब्द शिट्टीत बुडाले. तरी मी बोललो. सक्षम प्राधिकाऱ्याविरुद्ध माझं हे पहिलं जाहीर विधान, आणि ते एका निवृत्त माणसाने अर्धं ऐकलं.

यंदा पुन्हा शेंगा आल्या आहेत. रेवती कॉलेजला गेली, ओमला नवे दात आले. हरजोत आता भाकरी मोडून कालवणात बुडवतो आणि पमा फोनवर मधेच पंजाबीत शिव्या देतो. लीगने दोघांना अजून जिथल्या तिथेच ठेवलंय. आणि गेल्या आठवड्यात दोघींच्या अर्जाला पुन्हा तेच उत्तर आलं. मी ते वाचून संतापलो. पूर्वी मी घाबरलो असतो. संताप येतो हीच माझी प्रगती.

परवाच्या रविवारी जनाशेठच्या त्याच तुकड्यात पोपटी लागली. नीलिमा आली होती, येताना वैशालीच्या सासूबाईंना आणि ओमला घेऊन. पिशवीत तिकडचा हुरडा. त्या सासूबाईंनी मडक्याभोवतीचा जाळ बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "आम्ही कणसं भाजतो, तुम्ही गाडगं भाजताय व्हय!" जनाशेठ मडक्यावरून नजर हलवायला तयार नव्हते. या खेपेला पाण्याचा शिंतोडा मारायचं काम त्यांनी ओमला दिलं होतं, आणि वादाला सक्त मनाई केली होती. ती मनाई अर्थातच साठ्यांनी मोडली.

मी नीलिमाशेजारी जाऊन बसलो. फोन काढून तिला दाखवला. माझा तो जुना मजकूर, साठ्यांनी परत पाठवलेला. त्यातलं पमाचं नाव काढून मी तिचं घातलं होतं आणि अर्जाला होकार येईल तेव्हा पाठवायचा म्हणून जपून ठेवला होता. 'सौ. नीलिमा जगताप यांचे नवीन ठिकाणी रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली गुच्छ. म्हटलं, "याही वर्षी राहिला. आता पुढच्या वर्षी बघू."

तिने वाचलं. पलीकडे वैशाली ओमच्या हातावर हात ठेवून त्याला शिंतोडा कसा मारायचा ते दाखवत होती, आणि माझी आई त्या सासूबाईंना आपल्या गोळ्यांवरचे सूर्य-चंद्र दाखवत होती. पाणी पडलं, चर्र आवाज झाला, जनाशेठ ओरडले, "काढा!"

नीलिमाने फोन माझ्या हातात परत दिला.

"आत्ताच पाठवा," ती म्हणाली. "आणि वैशालीलाही पाठवा. रुजू तर आम्ही दोघी केव्हाच झालोय."